गवांदे सरांचं सगळं ऐकणारा पोरगा

चूक गवांदे सरांची होती. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण खडकवाघुलीत तुम्ही कुणालाही विचारा, तो वाल्मीकचंच नाव घेईल. पोरगाच येडा होता म्हणेल. मास्तर तरी काय करणार म्हणेल. आमच्याकडं मास्तरला दोष द्यायची पद्धत नाही. मास्तरला फेटा बांधतात आणि पोराला फटका देतात.

तर या खडकवाघुलीत वाल्मीक पोटे नावाचा एक भोळा पोरगा राहत होता. किती भोळा? पाचवीत असताना बाईंनी त्याला सांगितलं, "मी सांगेपर्यंत बाकावर उभा राहा." बाई विसरल्या. शाळा सुटली. शिपाई कुलूप लावायला आला, तर वाल्मीक बाकावर.

"उतर रं," शिपाई म्हणाला.

"तुम्ही नाय. बाईंनी सांगायला पाहिजे."

शिपाई सायकल हाणत बाईंच्या घरी गेला. बाई भाकरी थापत होत्या. "उतर म्हणावं," त्या म्हणाल्या आणि पुढची भाकरी घेतली. शिपाई तसाच परत आला. मग वाल्मीक उतरला. घरी जाऊन आईला म्हणाला, "आज माझं काहीच चुकलं नाय."

अशा पोराला शाळेनं काय शिकवलं? ऐकायला शिकवलं. पहिलीपासून जो मास्तर आला त्यानं तेच सांगितलं, मोठ्यांचं ऐकावं. बाकीची पोरं शहाणी होती. ती ऐकल्यासारखं करायची. वाल्मीकला तसं करता येत नव्हतं. तो खरंच ऐकायचा.

आता तो नववीत होता. त्याला वायरमन व्हायचं होतं. विजेच्या खांबावर माणूस चढलेला दिसला की तो खाली उभा राहून वर बघत बसायचा. माणूस उतरून निघून गेला तरी बघत बसायचा. तालुक्याला आयटीआय होतं. तिथं जायला दहावी लागायची आणि दहावीला बसायला नववी पास व्हावं लागायचं. त्याची आई शेवंताबाई वीटभट्टीवर विटा थापायची. ती म्हणायची, "तेवढी धावी काढ बाळा. मग तुला कुणी 'ए' म्हणून हाक मारणार नाय."

पोराला दुसरं काही नको होतं. आईलाही नको होतं.

त्याच वर्षी वरून आदेश आला. वरून म्हणजे कुठून, हे मास्तरांनाही माहीत नसतं. वरून आलं की पाळायचं, एवढंच माहीत असतं. आदेश असा होता की पोरांना वर्गाबाहेर न्या, अनुभवातून शिकवा, क्षेत्रभेटी काढा आणि फोटो पाठवा. त्यातलं शेवटचं मास्तरांना लगेच समजलं.

मुख्याध्यापक बोऱ्हाडे सरांनी हे काम गवांदे सरांच्या गळ्यात टाकलं. गवांदे सर भूगोल शिकवायचे. नदी शिकवताना ते खिडकीकडं पाठ करून उभे राहायचे आणि खिडकीतून नदी दिसायची. त्यांनी तालुक्याहून एक भलामोठा फ्लेक्स करून आणला. वर लिहिलं होतं 'चला शिकू अनुभवातून!' मध्ये तीन फोटो होते. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, बोऱ्हाडे सर आणि स्वतः गवांदे सर. खाली 'क्षेत्रभेट' असं लिहून पुढं जागा मोकळी ठेवली होती. जिथं जायचं त्या जागेचं नाव कागदावर लिहून तिथं चिकटवायचं. फ्लेक्सवर एकही पोर नव्हतं. पोरं फ्लेक्स धरायला होती.

सर वर्गात म्हणाले, "या भेटींचे मार्क निकालात धरणार आहे. जो गडबड करील, त्याचं वर्ष गेलं."

वाल्मीकनं ते वहीत लिहून घेतलं. त्यानं ठरवलं, सर सांगतील तसंच करायचं. शब्दसुद्धा इकडचा तिकडं करायचा नाही.

पहिली भेट गावातल्याच दूध संकलन केंद्राला होती. वाटेत सर म्हणाले, "नुसतं बघून शिक्षण होत नाही, समजलं का? हात घालायचा. स्वतः करायचं. अनुभव घ्यायचा!" सरांनी स्वतः आयुष्यात खडू सोडून कशाला हात घातला नव्हता. पण आदेशात तसं छापलं होतं, म्हणून ते बोलले.

केंद्रात दुधाचे कॅन ओळीनं लावले होते. चेअरमन तात्या माहिती सांगत होते. म्हणजे दूध सोडून बाकी सगळं सांगत होते. आपण हे केंद्र कसं आणलं, कुणी कशी आडकाठी केली, वगैरे. पोरं जांभया देत होती. वाल्मीकनं बाही वर केली, समोरच्या कॅनचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मग चांगलं ढवळलं.

"अरे ए! काय करतोस?" तात्या किंचाळले.

"अनुभव घेतोय."

"कसला अनुभव?"

"कोमट हाय."

कॅन ओतून द्यावा लागला. मग तात्यांनी पोरांनाही बाहेर काढलं. फोटो मात्र निघाला होता, त्यामुळं भेट झाली असं धरलं गेलं.

रस्त्यावर आल्यावर सरांनी वाल्मीकचा कान धरला. "अरे बैला, दुधात हात घालतात का?"

"तुम्हीच म्हणालात सर, हात घालायचा."

"मी म्हणालो म्हणून? डोकं आहे का खोकं? दोन्ही हात मागं बांधायचे. लांब उभं राहायचं. नीट निरीक्षण करायचं. आणि काही होवो, आभाळ कोसळो, हात पुढं करायचा नाही. कळलं?"

"कळलं सर. चुकलो. पुढच्या वेळी तसंच करतो."

आणि त्यानं तसंच केलं.

दुसरी भेट नदीवरच्या बंधाऱ्याला होती. सरांनी पोरांना काठावर बसवलं. बंधाऱ्याचे उपयोग त्यांनी पुस्तकात बघून वाचून दाखवले. बंधारा मागंच होता. मग फोटोची वेळ आली. सर फोटोसाठी बंधाऱ्याच्या भिंतीवर चढले. मागं दोन पोरींनी बांबूला लावलेला फ्लेक्स धरला. फोन रेवणच्या हातात होता. रेवण म्हणजे वर्गातला सगळ्यात आगाव पोरगा.

"सर, फ्लेक्सवरचं नाव झाकतंय. जरा बाजूला सरका."

सर बाजूला सरकले.

"अजून थोडं."

सर अजून थोडं सरकले. भिंतीवर शेवाळं होतं. फोटोत फ्लेक्स आला. सर गेले.

पाणी छातीएवढंच होतं. पण सरांना पोहता येत नव्हतं, आणि खाली पाय टेकतात हे त्यांच्या लक्षात येईना. ते दोन्ही हातांनी पाणी बडवत होते. वाल्मीक काठावर सगळ्यात जवळ उभा होता. हात मागं बांधून.

"वाल्मीक, हात दे!"

"नाय सर."

"अरे हात दे, मी बुडतोय!"

"दिसतंय सर."

तो नीट निरीक्षण करत होता. आधी चष्मा गेला. मग सर गेले. मग सर वर आले, चष्मा आला नाही. शेवटी त्या पोरींनीच फ्लेक्सचा बांबू पुढं केला आणि सरांना काठाला ओढून घेतलं. सरांच्या नाकातून पाणी येत होतं आणि तोंडातून शिव्या.

"माझा मुडदा बघायला उभा होतास काय रे?"

"निरीक्षण करत होतो सर. तुम्हीच म्हणालात, आभाळ कोसळलं तरी..."

"अरे खोक्या! माणूस पाण्यात दिसला की काय करायचं? आधी बोंब मारायची. 'वाचवा, वाचवा' म्हणून सगळं गाव गोळा करायचं. मग उडी टाकायची. हाताला लागेल ते गच्च धरायचं आणि फरफटत बाहेर काढायचं. तो काही म्हणू दे. बुडणारा माणूस काहीही बडबडतो, त्याचं ऐकायचं नाही. कळलं?"

"कळलं सर. चुकलो. पुढच्या वेळी तसंच करतो."

तिसरी भेट इतिहासाची. गावाबाहेर एक जुनी बारव आहे, दगडी पायऱ्यांची. खाली बारमाही पाणी. सर वरच्या पायरीवर उभे राहून सांगत होते, "ही बारव फार जुनी असावी. किंवा नसावी. तुम्ही आपलं फार जुनी असं लिहा."

तो श्रावणातला सोमवार होता. आणि खाली पाण्यात आबासाहेब उतरले होते. फ्लेक्सवरचे तेच, संस्थेचे अध्यक्ष. त्यांना कुणा ज्योतिषानं सांगितलं होतं, श्रावणी सोमवारी या बारवेत बुड्या मारा, पुढच्या निवडणुकीला तिकीट नक्की. वर्षभर ते लोकांना बुडवायचे, श्रावणात तेवढे स्वतः बुडायचे. अंगावर पट्ट्यापट्ट्याची चड्डी, गळ्यात जाड चेन. त्यांनी नाक धरलं आणि पहिली बुडी मारली.

वाल्मीकनं ते बघितलं. पाण्यात माणूस.

"वाचवा! वाचवा! माणूस बुडाला!"

शेजारच्या शेतात बाया खुरपत होत्या. त्या पळत आल्या. देवळातला गुरव आला. रस्त्यानं जाणारी जीप थांबली, त्यातली माणसं उतरली. गाव गोळा झालं. मग वाल्मीकनं कपड्यांनिशी उडी टाकली. हाताला आबासाहेबांची चेन लागली. त्यानं ती गच्च धरली.

"सोड! कोण आहेस तू? अरे मी आबासाहेब!"

बुडणारा माणूस काहीही बडबडतो. वाल्मीकनं ऐकलं नाही.

"अरे सोड, गळा आवळतोय! मारतोस का काय मला!"

वाल्मीकनं तेही ऐकलं नाही. एकेका पायरीवरून फरफटत त्यानं अध्यक्षांना वर आणलं आणि सगळ्या वर्गापुढं पालथं घातलं. वर त्यांच्या पाठीवर गुडघा देऊन पाणी काढायला लागला.

खुरपणाऱ्या बायांमधली एक म्हणाली, "आबासायेब हायेत व्हय? मतं मागायला येत्यात तवा लगेच वळखू येत्यात. असे नाय बाई आले."

गवांदे सर पळत पुढं आले. काहीतरी पांघरायला हवं म्हणून त्यांनी हातात होता तो फ्लेक्सच अध्यक्षांवर घातला. त्यावर आबासाहेबांचाच हसरा फोटो होता. खाली ओले आबासाहेब, वर कोरडे आबासाहेब.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईला शाळेत बोलावलं. बोऱ्हाडे सरांनी टेबलावर मूठ आपटली. "बाई, अजून एक चूक झाली ना, की दाखला याच्या हातात. मग नववी नाही, दहावी नाही, काही नाही. समजलं?"

शेवंताबाईच्या हाताला अजून चिखल होता. ती म्हणाली, "सायेब, पण पोरानं वाचवायलाच उडी टाकली ना?"

"अहो बाई, अध्यक्षांना वाचवायचं नसतं!"

"मग काय करायचं असतं?"

 बोऱ्हाडे सरांनी गवांदे सरांकडं बोट केलं. गवांदे सर वाल्मीककडं वळले. "मोठा माणूस दिसला की वाकायचं. पाया पडायचं. तो जे म्हणेल त्याला 'होय साहेब, बरोबर आहे साहेब' म्हणायचं. दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. मी आजपर्यंत असाच वागलो. माझं काही अडलं का? कळलं?"

"कळलं सर. चुकलो. पुढच्या वेळी तसंच करतो."

घरी जाताना शेवंताबाईनं त्याला बजावलं, "बाळा, मास्तर सांगत्यात तेवढंच कर. जास्त नाय, कमी नाय. दाखला दिला तर समदं बुडालं." वाल्मीक रस्ताभर म्हणत गेला, होय साहेब, बरोबर आहे साहेब.

चौथी भेट पोलीस ठाण्याची होती. ठाण्याचे शेळके हवालदार त्या दिवशी वैतागलेले होते. देवळातली मोठी पितळी समई गायब झाली होती आणि तपास लागत नव्हता. वरचे साहेब रोज त्यांना झापत होते. तरी पोरं आली म्हणून त्यांनी जरा गंमत केली.

"काय रे, चोऱ्या शिकायला आलात काय?"

पोरं हसली. वाल्मीक पुढं झाला, वाकला, हवालदारांच्या बुटाला हात लावून पाया पडला.

"होय साहेब, बरोबर आहे साहेब."

हवालदारही हसले. "आयला, म्हणजे चोर आहेस तू?"

"होय साहेब, बरोबर आहे साहेब."

हवालदारांचं हसू थांबलं. ते खुर्चीत पुढं सरकले. "देवळातली समई तूच नेलीस काय?"

"होय साहेब, बरोबर आहे साहेब."

"अरे वाल्मीक!" गवांदे सर ओरडले.

"मास्तर, तुम्ही गप बसा. गुन्हा उघडकीला येतोय." हवालदारांनी टोपी घातली. "तुला एकट्याला ती समई उचलणार नाय. बरोबर कुणीतरी मोठं होतं. हे मास्तर होते का?"

"होय साहेब, बरोबर आहे साहेब."

"आणि मुख्याध्यापक?"

"होय साहेब, बरोबर आहे साहेब."

"म्हणजे टोळीच आहे!"

"होय साहेब..."

"बरोबर आहे," हवालदारांनीच पुढचं म्हटलं. इतका सोपा तपास त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता.

गवांदे सरांना आतल्या बाकड्यावर बसवलं. पोरांना घरी धाडलं. सर सांगत होते, "मी भूगोलाचा शिक्षक आहे हो." हवालदार म्हणत होते, "म्हणूनच तुम्हाला सगळे रस्ते माहीत." रेवणनं जाता जाता खिडकीतून सरांचा फोटो काढून घेतला. त्या वर्षातली ही एकच भेट, जिच्यात सरांनी स्वतः अनुभव घेतला.

दिवेलागणीला गुरव ठाण्यात आला. समई सापडली म्हणाला. त्याच्या बायकोनं ती चिंचेनं घासायला घरी नेली होती आणि न्हाणीत ठेवून विसरली होती. सर सुटले.

दाखला तेव्हाच मिळायचा. पण दाखल्यावर कारण लिहावं लागलं असतं आणि मग मास्तर ठाण्यात बसले होते हे कागदावर आलं असतं. म्हणून बोऱ्हाडे सरांनी प्रकरण दाबलं. वाल्मीक वाचला तो असा. त्याची दया आली म्हणून नाही.

गवांदे सर मात्र वर्गात त्याच्यावर तुटून पडले. "मी समई चोरली?"

"साहेब म्हणाले सर."

"ते म्हणाले म्हणून तू हो म्हणालास? अरे, कुणी काहीही म्हणेल! आपल्या डोळ्यांनी जे बघितलं तेच सांगायचं. खरं तेच सांगायचं. समोर हवालदार असो नाहीतर कलेक्टर, भ्यायचं नाही. कुणाची भीड ठेवायची नाही. कुणी विचारलं नाही तरी उभं राहून सांगायचं. कळलं?"

सर इतके चिडले होते की त्यांच्या तोंडून एक चांगली गोष्ट निघून गेली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"कळलं सर," वाल्मीक म्हणाला. "चुकलो. पुढच्या वेळी तसंच करतो."

आता सरांनी पोरांना घेऊन कुठंच जायचं नाही असं ठरवलं. पण वरून मागणी आली, अजून भेटी हव्यात. साखर कारखाना हवा, धरण हवं, किल्ला हवा. सरांनी विचार केला. मग एका दुपारी त्यांनी वर्गाला शाळेच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. फ्लेक्सवर 'साखर कारखाना' असा कागद चिकटवला, पोरांच्या हातात उसाची कांडकी दिली आणि फोटो काढला. कागद बदलला. पोरांच्या डोक्यावर बादलीनं पाणी शिंपडलं आणि धरणाचा फोटो काढला. परत कागद बदलला. पोरांना "धापा टाका, धापा टाका" म्हणत किल्ल्याचा काढला. शाळा सुटायच्या आत सगळा जिल्हा बघून झाला. बोऱ्हाडे सर खिडकीतून बघत होते. म्हणाले, "गवांदे, फ्लेक्स जरा उजवीकडं घ्या, संडासाची पाटी दिसतेय."

हे फोटो वर गेले. वर सगळ्यांना फार आवडले. आमच्या शाळेचं नाव उपक्रमशील शाळेच्या पुरस्काराला लागलं. खात्री करायला तपासणीचे साहेब येणार असा निरोप आला.

साहेब आले. रांगोळी झाली, लेझीम झालं, शाल झाली, नारळ झाला. आबासाहेबही आले होते, कपड्यात. मग जेवणाची पंगत बसली. वाल्मीकनं काही घोळ घालू नये म्हणून गवांदे सरांनी त्याला लांब, साहेबांच्या गाडीपाशी उभं केलं. "इथं थांब. मी हाक मारल्याशिवाय हलू नकोस." वाल्मीक थांबला. साहेब आत पुरणपोळ्या हाणत होते. बाहेर गवांदे सर आणि शिपाई काहीतरी जड उचलून घेऊन आले, गाडीत ठेवलं आणि गेले. वाल्मीकनं बघितलं. तो तिथंच तर उभा होता.

जेवण झाल्यावर साहेब वर्गात आले. सरांनी वाल्मीकला हाक मारून शेवटच्या बाकावर बसवलं. पुढच्या बाकावर पढवून ठेवलेली पोरं होती. साहेबांनी विचारलं, रेवणनं कारखान्यातली उसाची मोळी आत जाते कशी, रस निघतो कसा, साखर होते कशी, सगळं घडाघडा सांगितलं. त्यानं कारखाना जन्मात बघितला नव्हता. सर खूश झाले. साहेबही खूश झाले. मग पोट भरलेल्या माणसाला सुचतं तसं त्यांना सुचलं.

"तो शेवटचा. हां, तूच. ऊठ बाळ."

"साहेब, तो जरा..." गवांदे सर म्हणाले.

"असू द्या हो. बोल बाळ, साखर कारखान्यात काय पाहिलंस?"

वाल्मीक उभा राहिला. त्याला सरांचा शब्दन्‌शब्द आठवत होता. डोळ्यांनी बघितलं तेच सांगायचं. भ्यायचं नाही.

"भिंत पाहिली साहेब."

"कसली भिंत?"

"शाळेच्या मागची."

"बरं, आणि धरणावर?"

"तीच भिंत. पण आम्ही ओले होतो."

"आणि किल्ल्यावर?"

"भिंत तीच साहेब. धापा टाकल्या."

वर्ग फुटला. पोरी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. गवांदे सरांनी डोळे मिटले. बोऱ्हाडे सर भिंतीवरच्या थोर पुरुषांच्या तसबिरींकडं बघत राहिले. आबासाहेबांनी खुर्ची जरा बाजूला ओढली, आपण यांच्यातले नाही असं दाखवायला.

आणि साहेब ताडकन उभे राहिले. "शाबास! अरे, शाबास! असं खरं बोलणारं पोर पाहिजे! बोऱ्हाडे, लाज वाटायला पाहिजे तुम्हाला. मी कुणालाही सोडणार नाही!" त्यांनी स्वतः जाऊन वाल्मीकच्या पाठीवर हात ठेवला. "नाव काय तुझं? वाल्मीक? काय व्हायचंय?"

"वायरमन, साहेब."

"होशील. मी बघतो तुला कोण अडवतो ते. घाबरू नकोस."

वाल्मीकला आयुष्यात पहिल्यांदा कुणी शाबास म्हणत होतं. खाली बसला असता तर पुढं कदाचित आयटीआयला गेला असता. सगळा वर्ग मनातल्या मनात म्हणत होता, बस खाली, वाल्म्या, बस.

पण सरांनी सांगितलं होतं. कुणी विचारलं नाही तरी उभं राहून सांगायचं.

"साहेब, अजून एक पाहिलंय."

"बोल, बोल! बेधडक बोल!"

"तुम्ही जेवत होता ना, तेव्हा गवांदे सरांनी तुमच्या गाडीच्या डिकीत तांदळाचं पोतं ठेवलं. लहान पोरांच्या खिचडीचं. पोत्यावर सरकारी शिक्का हाय. आणि डिकीत आधीच दोन पोती होती साहेब. दुसऱ्या शाळांची असतील."



साहेबांनी वाल्मीकच्या पाठीवरचा हात काढून घेतला. रुमालानं पुसला. मग बोऱ्हाडे सरांकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "पोरगा डोक्यानं बरोबर नाही वाटतं."

"होय साहेब," बोऱ्हाडे सर म्हणाले. "बरोबर आहे साहेब."

"असली पोरं बाकीच्यांना बिघडवतात."

"होय साहेब," आबासाहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची पुन्हा जवळ ओढून घेतली होती.

साहेब गेले. गाडी मागून दबली होती.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईला भट्टीवरून बोलावून घेतलं. दाखला लिहून तयार होता.

"सायेब, त्यानं चोरी केली का?"

"नाही."

"कुणाला मारलं?"

"नाही."

"मंग लबाड बोलला?"

बोऱ्हाडे सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "बाई, तो बोलला. ते पुरे."

शेवंताबाई गवांदे सरांकडं वळली. "मास्तर, तुम्हीच त्याला सांगितलं हुतं. खरं सांगावं, भिऊ नये. रातभर घोकत हुता पोरगा."

"अहो, सांगितलं होतं," गवांदे सर कातावून म्हणाले. "मुलांना तसं सांगायचं असतं म्हणून सांगितलं. पण ते करायचं असतं का?"

"मंग तसं सांगायचं ना, मास्तर. त्यानं तसं केलं असतं."

बोऱ्हाडे सरांनी दाखला तिच्यापुढं सरकवला.

वाल्मीक दारात उभा होता. त्यानं विचारलं, "सर, आता काय करू?"

"घरी जा."

"परत कधी येऊ?"

सर तासावर निघून गेले. वाल्मीक घरी गेला.

शाळेला पुरस्कार मिळाला. गवांदे सरांना आदर्श शिक्षक केलं. वाल्मीक पोटेची नववी गेली, दहावी गेली, आयटीआय गेलं. तो भट्टीवर विटा वाहतो.